माळ्यावरचा टीव्ही कुठे द्यायचा? (गोवा)

तळ्याकाठी | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मी मये गावातली, डिचोली तालुका. पहिल्याच मोठ्या पावसात माळ्यावर गळती लागली म्हणून शनिवारी सगळं खाली उतरवलं आणि पडवी भरून गेली. २१ इंची पेटीचा टीव्ही, जाड मॉनिटर आणि सीपीयू, लेकाला अकरावीत सरकारच्या सायबरएज योजनेतून मिळालेला लॅपटॉप, दोन मिक्सर, एक इस्त्री, सासऱ्यांचा रेडिओ, सात ट्यूबलाईट आणि चार्जर-वायरींची एक गोणी. मागच्या खोलीत बंद फ्रिज आहे तो वेगळा. देवघराशेजारच्या खणात पाच जुने मोबाईल सापडले. त्यातल्या एकाची पाठ फुगून वर आली आहे. त्याच खणात आम्ही कापूर आणि आगपेटी ठेवतो.

भंगारवाल्याला बोलावून हे एका तासात मोकळं करता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. तेव्हाचा टीव्ही ८० रुपयांना दिला. चार-पाच महिन्यांनी रस्त्याखालच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, उतारावर एक फुटलेला टीव्ही पडलेला दिसला. लेकाने लहानपणी चिकटवलेली फुलपाखरांची स्टिकरं त्याच्या कडेला तशीच होती. आतलं तांबं कुणी काढून नेलं होतं, काच तिथेच. त्या व्हाळाचं पाणी खाली आमच्याच कुळागरात, पोफळीच्या बागेत, येतं.

कुणावर राग धरणार? वस्तू मीच दिली होती. पण तेव्हापासून काही देववत नाही आणि म्हणूनच माळा भरत गेला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जे चालण्याजोगं आहे ते गरजेच्या माणसापर्यंत कसं पोचवायचं? आणि जे संपलेलं आहे ते कुठे द्यायचं, म्हणजे ते पुन्हा व्हाळात येणार नाही? पणजीबाहेर, खेड्यात राहणाऱ्यांनी काय केलं ते विशेष सांगा.

सोल्डरवाला | ८ जून, रात्री १०:०५

ताई, बाकीचं उद्या बोलू. आधी तो फुगलेला मोबाईल खणातून बाहेर काढा, आत्ताच.

दाबू नका, चार्जिंगला लावून बघू नका, पाठ उघडायला सुरी-स्क्रूड्रायव्हर लावू नका. मातीच्या मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी रेती घाला, त्यात मोबाईल ठेवा आणि वरून रेती पसरा. झाकण घट्ट लावायचं नाही. मडकं पडवीच्या कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही आणि जवळ लाकूड-कापड नसेल अशा जागी ठेवा. लिथियमची बॅटरी फुगते म्हणजे आत वायू धरलेला असतो. टोचली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते. दुकानात एकदा माझ्या डोळ्यांसमोर पेटली आहे, ती जाळ टाकत फरशीवरून सरकत गेली.

बाकीच्या चार मोबाईलच्या बॅटऱ्या निघत असतील तर काढून टोकांना चिकटपट्टी लावा. निघत नसतील तर तसेच राहू द्या.

तळ्याकाठी | ८ जून, रात्री १०:३०

केलं. मडकं बाहेर ठेवलं. भाऊ, खूप आभार. दोन वर्षं रोज सकाळी त्याच खणातून कापूर काढत होते.

मळ्यातला | ९ जून, सकाळी ८:१५

पणजीतून लिहितो. आमच्याकडे हे सोपं आहे हे आधीच कबूल करतो. महापालिका कचऱ्याचं १६ प्रकारांत वर्गीकरण करते. आमच्या कॉलनीत वेगळे डबे आहेत, चार्जर-माऊस-मिक्सर यांना त्यात जागा आहे. मोठी वस्तू असली तर आधी फोन करून विचारावं लागतं.

खेड्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्या मेहुण्यांनी याच गोंधळात एक फेरी फुकट घातली. साळगावात दोन वेगळ्या जागा आहेत. एक २०१६ साली सुरू झालेला कचरा प्रक्रिया प्रकल्प, तो मुख्यतः ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी आहे. दुसरं सेमिनरीसमोरचं गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय. टीव्ही गाडीत घालून पहिल्या जागी जाऊ नका. मंडळात फोन करून विचारा की राज्यात ई-कचरा उचलणारं अधिकृत कोण आहे आणि आमच्या भागात येतं का. पालिका, पंचायत किंवा कचरा व्यवस्थापन महामंडळाची संकलन मोहीम जवळपास लागणार असेल तर तेही तिथे कळू शकतं.

रानवाटा | ९ जून, सकाळी ९:०२

वाचतेय. आमच्याकडेही असाच माळा आहे. वाचनखूण साठवली.

सोल्डरवाला | ९ जून, दुपारी २:२०

आता टीव्हीचं. म्हापशात ३१ वर्षं दुरुस्ती करतोय, त्यातली पहिली वीस पेटीच्या टीव्हींवरच गेली. तेव्हा हे जरा सविस्तर लिहितो.

पेटीच्या टीव्हीत जी मोठी काचेची नळी असते तिला आम्ही पिक्चर ट्यूब म्हणतो. आत हवा काढून घेतलेली असते. इलेक्ट्रॉनचा मारा पडद्यावर आदळला की क्ष-किरण तयार होतात, ते बाहेर बसलेल्या माणसाला लागू नयेत म्हणून मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं घालायचे. तिथल्या काचेच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा शिशाचा ऑक्साईड. अख्ख्या ट्यूबमध्ये शिसं किलोच्या हिशेबात असतं. ट्यूब अखंड आहे तोवर ते काचेत बांधलेलं असतं, तुमच्या माळ्यावर त्याने काही केलं नाही. फोडली, तुकडे पावसात पडून राहिले, की ते हळूहळू सुटायला लागतं. पडद्याच्या आतून जी पांढरी पूड लावलेली असते तीही हाताने झाडायची वस्तू नव्हे.

दुसरं म्हणजे मागचं झाकण घरी कुणी उघडू नका. रंगीत ट्यूबला चालताना २५,००० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला मी पहिले सहा महिने तिथे हात लावू देत नसे.

टीव्ही फेकणारा माणूस ती का फोडतो? कारण गळ्याभोवती तांब्याचं वेटोळं असतं, त्याला पैसे येतात. मान मोडली की वेटोळं सुटतं. काचेला कुणी विचारत नाही. तुमच्या व्हाळात जे पडलं होतं ते नेमकं हेच.

तेव्हा टीव्ही आणि मॉनिटर अखंड ठेवा, तोंड खाली करून नाही, उभे. जो न्यायला येईल त्याला पहिला प्रश्न विचारा: ट्यूबचं काय करता?

कुडचडेकर | ९ जून, रात्री ९:१०

सोल्डरवाले काकांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. पण मला दुसरी बाजू मांडू द्या, कारण आमचं घर भंगारावर उभं आहे. आजोबा सायकलवरून फिरायचे, वडिलांनी अड्डा टाकला. माझं शिक्षण त्यातून झालं.

गावात आतपर्यंत, चढणीवरच्या शेवटच्या घरापर्यंत कोण येतो? आम्ही. कंपनीची गाडी येत नाही. लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, तांबं, पुठ्ठा आम्ही उचललं नसतं तर ते सगळं आज भाटात, माडांच्या बागेत, पडलं असतं. भंगारवाला म्हणजे घाण करणारा असं कुणी म्हटलं की फार लागतं.

आता चुकीचं काय ते. वायर जाळून तांबं काढणं आमच्याकडे चालायचं. वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, त्याचा काळा धूर निघतो. मी शाळेत जायचो तेव्हा माझ्या युनिफॉर्मला तो वास असायचा, वर्गात मुलं सरकून बसायची. पुढे कॉलेजात रसायनशास्त्रात कळलं की त्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि डायॉक्सिन असतात. घरी येऊन वडिलांना सांगितलं. आता सोलायचं यंत्र आहे, जाळणं बंद.

टीव्हीचा हिशेब असा: वेटोळं, ट्रान्सफॉर्मर, सर्किट आणि बाहेरचं प्लास्टिक घाटावर जातं. काच घ्यायला कुणी रुपया देत नाही, उलट न्यायला भाडं पडतं. मग कुणीतरी पोरगा ती रात्री कुठेतरी टाकून येतो. आम्ही टाकत नाही, पण म्हणून आमच्या अड्ड्यामागे ट्यूबांचा ढीग साठलाय. मी वडिलांना नवीन टीव्ही घेऊ नका सांगितलंय. लोक तरी आणून दारात ठेवतात.

मळ्यातला | ९ जून, रात्री ९:४५

कुडचडेकर, मनापासून लिहिलंत. तरीही एक विचारतो. मी सर्किट बोर्ड तुम्हाला दिला तर पुढे तो नोंदणी असलेल्या ठिकाणी जातो की कुठल्या तरी परसात ॲसिडच्या टबात? हे तुम्हाला तरी कळतं का?

कुडचडेकर | ९ जून, रात्री १०:२०

नाही कळत. व्यापारी येतो, वजन करतो, नेतो. वडिलांनी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे.

फळा-खडू | १० जून, दुपारी ४:३०

सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. 'दान' या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका मोठ्या ठिकाणाहून १० संगणक मिळाले. कार्यक्रम झाला, नारळ फोडला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी जोडायला बसलो तर सात चालूच होईनात. दोन मॉनिटरना केबल नव्हती. मुलं आदल्या रात्री झोपली नव्हती, एक मुलगी घरून टेबलावर घालायला भरतकामाचा कपडा घेऊन आली होती. मी तो कपडा तीन चालणाऱ्या संगणकांवर घातला.

त्रास तिथे संपला नाही. मिळालेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. एकदा चढली की निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याची, मंजुरी आल्याशिवाय हलवता येत नाही. ते सात डबे आमच्या एका खोलीत अजून आहेत, पावसात त्यांना बुरशी येते. ज्यांनी दिले त्यांचं गोदाम रिकामं झालं, आमची वर्गखोली भरली.

म्हणून हात जोडून सांगते. शाळेला, वाचनालयाला, बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकाच्या मुलाला, कुणालाही द्या, पण आधी स्वतः चालवून बघा. तासभर चालू ठेवा. चार्जर, केबल, माऊस सगळं सोबत द्या. बॅटरी किती मिनिटं टिकते ते चिठ्ठीवर लिहा. आणि देण्याआधी फोन करून विचारा की हवंय का. आम्हाला चालणारा एक प्रोजेक्टर दहा सीपीयूंपेक्षा जास्त हवा असतो. चांगला स्पीकर हवा असतो. जुने की-पॅडचे मोबाईल नको असतात.

न चालणारी वस्तू शिकायला उपयोगी पडते, पण योग्य जागी. जवळच्या आयटीआयमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना विचारून आम्ही दोन बंद प्रिंटर आणि एक यूपीएस दिला. मुलांनी उघडून पाहिला, मोटर काढून वापरली. तिथेही आधी विचारलं होतं.

रानवाटा | १० जून, संध्याकाळी ५:०५

बाई, वाचून गलबललं. आमच्या ऑफिसातून दरवर्षी असं 'दान' जातं. उद्याच बोलते.

जुना कीबोर्ड | ११ जून, सकाळी ७:५०

लॅपटॉपबद्दल लिहितो. ताई, सायबरएजवाला लॅपटॉप बहुतेक मेलेला नाही, थकलेला आहे. असे मी डझनावारी उभे केलेत.

सध्या याची घाई का आहे तेही सांगतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१८ च्या आसपासचा. त्याआधीची चांगली चालणारी यंत्रं एका तारखेला 'जुनी' ठरली. १४ ऑक्टोबर हाच आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन आहे, २०१८ पासून पाळतात. ती तारीख पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली, म्हणजे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू घाला. ४ जीबी रॅम असली तरी लिहिणं, वाचणं, व्हिडिओ पाहणं होतं. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली तर लॅपटॉप नव्यासारखा उठतो. मराठी टंकलेखन त्यात असतंच. बारावीच्या मुलाला अभ्यासाला पुरतं.

पण कुणालाही देण्याआधी आपली माहिती पुसा, यात कुचराई नको. मोबाईलमध्ये आधी गूगल खात्यातून बाहेर पडायचं, मग फॅक्टरी रीसेट. क्रम उलटा झाला तर नव्या माणसाला फोन तुमचं खातं मागत बसतो आणि चांगला फोन त्याच्या हातात वीट होतो. आयफोनवर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा. बँकेचं ॲप आणि यूपीआय त्या फोनवरून काढा. सिम आणि मेमरी कार्ड लोक विसरतात, तो कप्पा दोनदा बघा. फिरत्या हार्ड डिस्कवर 'क्विक फॉरमॅट'ने काहीच पुसलं जात नाही, पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहावे लागतात. लॅपटॉप चालूच होत नसेल तर दोन-तीन स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या आणि घरी ठेवा. आधार, पॅन, मुलांचे फोटो, जमिनीचे कागद स्कॅन केलेले, सगळं त्यात असतं.

पेडण्याचं घर | ११ जून, सकाळी ११:३०

आम्ही मुंबईत, घर पेडण्याला बंद असतं. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आहे, तिचं काय?

सोल्डरवाला | ११ जून, दुपारी १:००

तिची चिंता नको. नवीन बॅटरी घेता त्या दुकानात जुनी द्या, किमतीतून पैसे वजा होतात. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं आणि शिशाची संयुगं, म्हणून तिला भाव आहे. जुनी परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे, २०२२ च्या बॅटरी नियमांत तर सगळ्याच प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. नेताना उभीच न्या, आत ॲसिड असतं. भंगारात सुटी देऊ नका, ॲसिड गटारात ओततात.

किनारपट्टी | १२ जून, रात्री ११:४५

बार्देशातल्या एका मोठ्या हॉटेलात देखभाल विभागात आहे. घरच्या माळ्याची चर्चा चालू आहे, पण गोव्याचा मोठा माळा हॉटेलांचा आहे हे कुणीतरी बोलायला हवं.

२०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात मोठा ग्राहक कोण याची व्याख्या आहे: वर्षात कधीही यादीतली किमान १,००० उपकरणं वापरणारी संस्था. यादीतले प्रकार आधी २१ होते, आता १०६ आहेत. २५० खोल्यांचं हॉटेल घ्या. खोलीत टीव्ही, छोटा फ्रिज, एसी आणि टेलिफोन. झाले १,०००. स्वयंपाकघर, लाँड्री, ऑफिस अजून मोजलंच नाही. अशा ग्राहकाने ई-कचरा नोंदणीकृत लोकांनाच द्यायचा असतो.

प्रत्यक्षात नूतनीकरण निघालं की ठेकेदार म्हणतो 'काढून नेतो, तुमचा खर्च नाही'. मीही दोनदा अशा ट्रकवर सही केली आहे. टीव्ही चांगले होते, चालत होते. आज ते कुठे आहेत मला माहीत नाही आणि हा धागा वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

आता पुढच्या नूतनीकरणाच्या निविदेतच मी कलम घालायला लावलं आहे: चालणारी उपकरणं आधी कर्मचाऱ्यांना, उरलेली नोंदणीकृत रिसायकलरला, आणि त्याच्या पावतीशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार नाही. आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेत एसीचं बाहेरचं युनिट आणि टीव्हीची सर्किटं लवकर गंजतात, त्यामुळे हा माल सतत निघत राहतो.

मळ्यातला | १३ जून, सकाळी ८:००

पावतीचा मुद्दा फार मोलाचा. नियमात आणखी एक बारकावा आहे. नोंदणी चार जणांचीच होते: बनवणारा, आपल्या नावाने विकणारा, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि रिसायकल करणारा. मधे गोळा करणाऱ्याची वेगळी नोंदणी यात नाही. म्हणजे दारात येणाऱ्या गाडीवर हिरवं पान आणि 'ई-वेस्ट' लिहिलंय एवढं पुरत नाही. 'तुम्ही कुठल्या रिसायकलरला देता' हे विचारायचं आणि ते नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवरच्या यादीत बघायचं.

हा माल कंपन्यांना हवाही असतो. त्यांनी विकलेल्या मालाच्या हिशेबात रिसायकलिंगचं लक्ष्य पुरं करायचं असतं. पहिली दोन वर्षं ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. त्यासाठी त्या नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. तुमच्या पडवीतल्या मालाला तिथे किंमत आहे. 'उपकार करतोय' अशा सुरात कुणी बोललं तर हे लक्षात असू द्या.

रानवाटा | १३ जून, सकाळी ९:२०

फ्रिजबद्दल कुणी बोललंच नाही. तो भंगारवाला लगेच घेतो ना?

सोल्डरवाला | १३ जून, दुपारी ३:१०

घेतो, कारण कॉम्प्रेसर. पण काढताना नळी कापतो आणि फुस्स करून गॅस सोडून देतो. अगदी जुन्या फ्रिजात आर-१२ असतो, तो ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. नंतरच्यात आर-१३४ए. तो ओझोनला त्रास देत नाही पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साईडच्या साधारण १,४०० पट. घरच्या फ्रिजात १०० ग्रॅम धरा, म्हणजे एका कापाने १४० किलो कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखंच झालं. हल्लीच्यात आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटतो. कोणता आहे ते मागे कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

ताई, तुमच्या फ्रिजची पट्टी बघा. आणि एक विनंती, दार काढून ठेवा. लहान मुलं लपायला आत बसतात.

तळ्याकाठी | १२ जुलै, संध्याकाळी ७:३०

महिनाभराने लिहिते आहे. सगळ्यांचं सांगणं वहीत उतरवून घेतलं होतं.

सुरुवात वाईट झाली. टीव्ही ज्या कंपनीचा, तिच्या टोल-फ्री क्रमांकावर चार वेळा फोन केला. दर वेळी नवीन माणूस, नवीन तक्रार क्रमांक, आणि शेवटी 'तुमचा पिनकोड सेवेत नाही'. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीतल्या मुलाने मिक्सर बघून मान हलवली. त्याचीही चूक नाही, पुढे कुठे टाकायचं हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

मग मंडळात फोन केला, तिथून एक क्रमांक मिळाला. पलीकडचा माणूस सरळ बोलला. म्हणाला, एका टीव्हीसाठी मये गावात गाडी परवडत नाही, ३०० किलो जमवा. माझ्या मनाने तिथेच हाय खाल्ली. पण रात्री जेवताना शेजारच्या काकींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे दोन टीव्ही आहेत की. दुसऱ्या दिवशी वाड्यावर फिरले. ११ घरं निघाली. प्रत्येक घरात तीच गोष्ट: द्यायचं आहे, पण कुठे ते माहीत नाही. देवस्थान समितीने सभामंडपाची एक बाजू आठ दिवस वापरू दिली. रेशनच्या दुकानातला वजनकाटा आणला. ३१२ किलो भरलं. पेटीचे टीव्हीच सात होते.

गाडी आली तेव्हा आधी रिसायकलरचं नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर घेतला, लेकाने तिथेच मोबाईलवर यादीत बघितला, मग माल चढवू दिला. ट्यूबा अखंड, मधे पेंढा घालून. फुगलेला मोबाईल रेतीच्या मडक्यासकट गेला. चालकाने मडकं पाहून विचारलं, हे कुणी शिकवलं? फ्रिज १३४ए चा निघाला, तोही नळी न कापता गेला. पावती माझ्याकडे आहे. पैसे कुणालाच मिळाले नाहीत. दोन घरांनी त्यावरून नाराजी दाखवली आणि फ्रिज परत घरी नेले. त्यांना मी काही बोलले नाही.

लॅपटॉप दिला नाही, द्यायचा राहिला. जुना कीबोर्ड यांच्या सांगण्याप्रमाणे लेकाने एसएसडी टाकली, लिनक्स घातलं. आमच्याकडे पोफळी उतरवायला येतात त्यांची मुलगी अकरावीत गेली आहे, तिच्यासाठी ठेवलाय. फळा-खडू बाईंचं वाचल्यावर मी आधी तिला विचारायला गेले. ती म्हणाली, कीबोर्डवरचं 'न' चं बटण अडकतं ते नीट करून देणार का? ते होतंय, पुढच्या आठवड्यात.

रेडिओ सोल्डरवाले भाऊंकडे म्हापशाला पोचवला. सासरे रोज सकाळी आकाशवाणी पणजीच्या बातम्या त्यावर ऐकायचे. तो कुणालाच द्यायचा नाही.

राहिल्या ट्यूबलाईट. गाडीवाल्याने घेतल्या नाहीत, सुट्या नेताना फुटतात म्हणाला. आत पारा असतो हे मला माहीत आहे. वाड्यातल्या मिळून आता २६ झाल्या आहेत, सभामंडपाच्या कोपऱ्यात उभ्या आहेत आणि चवथीच्या आधी ती जागा मोकळी करून द्यायची आहे.

फळा-खडू | १२ जुलै, रात्री ८:१०

तिला आधी विचारायला गेलात, हे वाचून बरं वाटलं. त्या मुलीला काही अडलं तर माझ्याकडे पाठवा.

कुडचडेकर | १२ जुलै, रात्री ९:५५

ताई, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी मला टॉर्च घेऊन अड्ड्यामागे पाठवलं. टीव्हीच्या ४३ पिक्चर ट्यूबा मोजल्या, त्यातल्या नऊ फुटलेल्या. वडील म्हणतात, त्या गाडीवाल्याने भाडं मागितलं तरी देऊ, पण तो क्रमांक विचार. आम्हाला थेट कुणी उभं करत नाही, तुमच्या ओळखीने फोन केला तर बोलेल.

ट्यूबलाईटचं असं करा. आमच्याकडे नवीन ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडून असतात, दुकानांतून येतात. २६ नळ्या काढून ठेवतो. प्रत्येकीत एक ट्यूब घालून दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली की सुट्या राहणार नाहीत.

तळ्याकाठी | १२ जुलै, रात्री १०:१५

क्रमांक खाजगी निरोपातून पाठवला आहे. त्याला मीही सकाळी फोन करून ठेवते. नळीत बंद केलेल्या ट्यूबलाईट तो घेईल का, तेही तेव्हाच विचारते.

सोल्डरवाला | १३ जुलै, सकाळी ७:२०

फुटलेल्या नऊ हाताने उचलू नका रे. हातमोजे, तोंडाला मास्क, तुकडे ओले करून जाड गोणीत, वर चिठ्ठी लावून वेगळ्या. झाडू मारायचा नाही, पूड उडते.

ताई, रेडिओ बोलू लागला. व्हॉल्यूमचं बटण बदलावं लागलं, जुनं पाकिटात घालून सोबत ठेवलंय. शनिवारी कुणाला तरी पाठवा.